भोंग्याच्या वतीनं ओरडताना

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली भोंगा म्हणते. पाळण्यात असताना तो रडायला लागला की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घ्यायचे, तिथून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेत तेच, धंद्यात तेच, लग्न झाल्यावर बायकोनंही महिन्याभरात तेच उचललं. आता त्या माणसाच्या घशातून फुंकर मारल्याएवढासुद्धा आवाज निघत नाही, तरी लोक त्याला भोंगाच म्हणतात. मी म्हणते, जनाची नाही तर मनाची तरी बाळगा! पण खरं सांगायचं तर मीही भोंगाच म्हणते. दुसरं नाव तोंडात बसतच नाही, काय करू?

तो काचवाला. खिडक्यांच्या, दुकानांच्या, दारांच्या काचा कापायच्या, न्यायच्या आणि बसवायच्या. मोठी काच दोघांनी मिळून न्यावी लागते. पुढच्याला रस्ता दिसतो. मागच्याला फक्त काच आणि पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्यानं सारखं बोलत राहायचं असतं. पायरी आली. डावीकडे घे. थांब. टेक. पुढे नेहमी आमचा भोंगा आणि मागे त्याचा जोडीदार, ज्याला सगळे लांब्या म्हणतात, कारण तो दारातून वाकूनच येतो. रस्त्यावरून दोघं निघाले की भोंगा ओरडायचा, "काच आली, काच! बाजूला व्हा!" आणि माणसं, सायकली, हातगाड्या सगळं आपोआप दुभंगायचं. माझं रफूचं दुकान त्याच रस्त्यावर आहे. मी मान खाली घालून कोपर फाटलेल्या कोटात सुई घालत असायचे आणि त्या आरोळीवरून कळायचं, की स्वारी आज कुठल्या चौकात आहे.

आणि रविवार आला की हे दोघं बाप्ये रानात जाऊन झाडांवर ताटल्या फेकायचे.

ताटल्या म्हटलं की भोंगा चिडायचा. "ताई, चकती म्हण. डिस्क गोल्फ म्हणतात त्याला." म्हणतात तर म्हणोत! गावाबाहेर टेकडीच्या उतारावर नगरपालिकेचं दाट रान आहे. त्यात जागोजागी लोखंडी खांबाला टोपल्या लावल्यात आणि टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात. सिमेंटच्या छोट्या ओट्यावरून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, असं करत करत टोपलीत घालायची. कमीत कमी वेळा फेकून जो घालेल तो शहाणा. मधे सगळी झाडंच झाडं. छातीएवढ्या उंचीवर एकाही खोडाची साल धड नाही, जिकडे तिकडे वार झाल्यासारख्या खाचा. मी म्हणायचे, "अरे, मोकळं मैदान सोडून रानात कशाला कडमडता?" तर हा म्हणायचा, "मैदानात काय, कोणीही फेकेल. झाडांच्या मधून वळवून काढण्यात खरी गंमत." आठवडाभर काच सांभाळायची, कुठे टेकली तर तडकली, आणि रविवारी मनसोक्त फेकायचं. एवढं मात्र मला तेव्हाही समजत होतं.

मग त्याच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं, भावजयीनं वॉर्डभर गोड वाटलं. पण कापताना आवाजाची नस दुखावली होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आम्ही वाट बघितली. हळूहळू काही आलं नाही. राहिली ती नुसती कुजबुज. ती ऐकायलाही कान त्याच्या ओठांशी न्यावा लागतो.

लोक म्हणतात, जीव वाचला ना, आवाजाचं काय एवढं? अशांना एक दिवस त्याच्यासारखं जगायला लावलं पाहिजे. दुकानात गेला की मागून आलेली माणसं सामान घेऊन जातात आणि हा काउंटरशी उभाच. बोलणाऱ्याची अंबाडी विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत म्हणतात, ते मी डोळ्यांनी बघितलं. फोन उचलला तर पलीकडचा "हॅलो, हॅलो" करतो आणि ठेवून देतो. घरात भावजय रागावली की पूर्वी दोघांची खडाजंगी व्हायची, भिंती हलायच्या. आता ती एकटीच बोलते, मधेच थांबते आणि रडायला लागते. म्हणते, "ताई, भांडायला समोर कोणी नको का हो?"

आणि काम! पुढे चालायचं तर बोलायला हवं. म्हणून मागे गेला. एका जिन्यात त्याचा हात घसरला. "थांब" म्हणता येईना, आणि लांब्या आपला पुढे चाललेला. काच गेली ती गेलीच, लांब्याच्या पोटरीला टाके पडले. दुसऱ्या दिवसापासून भोंगा स्वतःहून आत बसून काचा कापायला लागला. बाहेर लांब्याबरोबर दुसरा माणूस जातो. रस्त्यावरून "काच आली" ऐकू येतं, पण ती भलत्याचीच आरोळी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या बोटात सुई टोचली.

राहता राहिला रविवार. तिथेही घोडं अडलं.

त्या रानात एक जागा आहे, तिला ते आंधळं वळण म्हणतात. ओट्यावरून टोपली दिसत नाही, वाट उजवीकडे वळते आणि मधूनच फिरायला येणाऱ्यांची पायवाट जाते. म्हणून तिथला नियम असा, की फेकणाऱ्यानं आधी ओरडायचं, "येतेय हो, सांभाळा!" आणि मगच फेकायची. चकती म्हणजे काही मुलांची फ्रिसबी नव्हे. कडक प्लास्टिक, बारीक कड, आणि सुटते ती गोफणीतून सुटावी तशी. शिवाय झाडाला आपटून कुठेही भरकटली की लगेच ओरडायचं, तो नियम तर सगळ्या रानालाच. रखवालदारानं भोंग्याला स्पष्ट सांगितलं, "ओरडता येत नसेल तर खेळता येणार नाही, बाबा. उद्या कोणाचं डोकं फुटलं तर मी कुठे तोंड दाखवू?" त्याचं तरी काय चुकलं!

शिट्टी वापरा म्हणाल, तर तीही वापरून झाली. त्या रानात लोक कुत्री मोकळी सोडतात आणि शिट्टीनंच परत बोलावतात. भोंग्यानं शिट्टी मारली, माणूस एकही हलला नाही आणि तीन कुत्री मात्र शेपटी हलवत ओट्यावर हजर. त्यातल्या एकानं चकती पळवली. लांब्या हसून हसून खाली बसला. भोंगाही हसला, म्हणजे खांदे हलले. पण नंतर चकत्यांची पिशवी उचलून घरी आला आणि ती पिशवी पलंगाखाली गेली.

भावजय मला म्हणाली, "बाहेरचं काम गेलं, बोलणं गेलं. हे एक होतं, तेही गेलं तर हा माणूस उठायचाच नाही हो." ती उगाच रडगाणं गाणारी नाही. मी दोन रविवार बघितलं. हा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. माझ्या नाकावरच राग! म्हटलं, मरू दे ते दुकान, एक दिवस बंद राहिलं तर आभाळ कोसळत नाही. तिसऱ्या रविवारी त्याची पिशवी पलंगाखालून ओढली, त्याच्या अंगावर टाकली आणि म्हटलं, "चल. तुझ्या वाटचं मी ओरडते. आवाज एकाच आईकडून आलाय."

रखवालदाराला विचारलं, "मी ओरडले तर जमेल का?" तो म्हणाला, "काकू, कोणीही ओरडा, पण ओरडा."

आणि मी ओरडले! सुरुवातीला लाज वाटली. या वयात भर रानात उभं राहून बोंबलायचं म्हणजे काय? पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला घसा मोकळा झाला. मी भोंग्याच्या शेजारी ओट्यावर उभी राहायचे. तो माझ्याकडे बघून मान हलवायचा, मी "येतेय हो, सांभाळा!" करायचे, झाडावरचे पक्षी उडायचे, आणि माझी आरोळी संपता संपता त्याची चकती सुटायची. आमची अशी लय बसली, की त्याला मान हलवायचीही गरज उरली नाही. लांब्या म्हणायचा, "घराणंच भोंग्यांचं आहे." त्यांच्यात एक नर्सबाई खेळायच्या, त्या मला घशासाठी खडीसाखर आणून द्यायच्या.

खेळ मला शेवटपर्यंत आवडला नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण भोंगा आवडला. ओट्यावर उभा राहिला की त्याचे खांदे पूर्वीसारखे व्हायचे. चकती झाडांमधून वळत वळत जायची, साखळ्या खणखणायच्या, आणि तो वळून माझ्याकडे असा बघायचा, जसं लहानपणी झाडावर चढून बघायचा. त्या रानात त्याला कोणी "काय म्हणालास?" विचारत नव्हतं. तिथे हातच बोलत होता.

माझी नजर तेव्हा चांगली होती. कापडातला निसटलेला धागा शोधायची सवय. त्यामुळे पाचोळ्यात पडलेली चकती मला सगळ्यांआधी दिसायची. लोकांच्या हरवलेल्यासुद्धा मीच शोधून द्यायचे. खेळणारे चकतीच्या मागच्या बाजूला आपला फोन नंबर लिहितात. भोंग्यानं स्वतःचा खोडून माझा लिहिला होता, कारण त्याला फोन करून उपयोग काय? मग आडवारी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना कोणीतरी पोरगं फोन करायचं, "काकू, तुमची निळी डिस्क सापडली." गिऱ्हाईक माझ्याकडे बघतच राहायचं.

ज्या रविवारी ते झालं, त्या रविवारी भोंग्याला सगळं साधत होतं. ऑपरेशननंतर एवढा चांगला तो कधीच खेळला नव्हता. लांब्या मागे पडला होता आणि चिडून आणखी वाईट खेळत होता. नर्सबाईंची ड्यूटी होती, त्या नव्हत्या. आंधळ्या वळणावर आलो, लांब्यानं आधी फेकली, ती झाडाला लागून खालच्या ओढ्यात गेली. शिव्या घालत तो उतरला शोधायला. राहिलो आम्ही दोघं बहीण-भाऊ.

आता त्या जागी आणखी एक पद्धत आहे. एकानं पुढे वळणावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे चकती कुठे पडते ते दिसतं. ते काम नेहमी लांब्या नाहीतर नर्सबाई करायच्या. त्या दिवशी कोणीच नव्हतं. मी म्हटलं, "मी जाते पुढे. माझ्याइतकं कोणाला दिसतंय?" भोंग्यानं मान हलवली. मी गेले.

बघा, दोन शहाणी माणसं, साठी जवळ आलेली, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही! पुढे बघणारी मी, ओरडणारीही मी. चकती भरकटली तर मला कोण सांगणार? ओट्यावर उभं राहून माझ्यासाठी ओरडायचं कोणी? इतके महिने आम्ही असे एकजीव झालो होतो, की तोंड माझं आहे आणि त्याचं नाही हेच आम्ही विसरलो होतो.

मी वळणावर जाडजूड झाडाच्या आड उभी राहिले, तसंच उभं राहायचं असतं. पायवाटेवरून एक म्हातारं जोडपं येत होतं, त्यांना हातानं खूण करून जाऊ दिलं. मग आणखी कोणी नाही ना, हे बघायला झाडाच्या आडून दोन पावलं बाहेर आले आणि पायवाटेकडे तोंड करून, सवयीनं, पोटातून ओरडले, "येतेय हो, सांभाळा!"

सगळ्या रानाला सांगितलं सांभाळा म्हणून, आणि मी स्वतः उभी उघड्यावर! भोंग्याची पावलं कधीच सुरू झाली होती. माझी आरोळी ऐकली की त्याचा हात सुटतो, तसा सुटला.

खोडावर ठक्क झालं. आवाजाच्या दिशेनं मी वळले. भोंगा ओट्यावर उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं. एवढं मोठं उघडं, की मानेच्या शिरा मला तिथून दिसल्या. सगळं अंग लावून ओरडत होता माझा भाऊ, आणि रानात पानसुद्धा वाजत नव्हतं. डाव्या डोळ्यानं नीट बघितलेलं ते शेवटचं.

मी खाली बसले. तोंडावर हात धरला तर बोटांमधून गरम गरम यायला लागलं. भोंगा धावत आला, शर्ट काढून माझ्या डोळ्याला दाबला. अँब्युलन्ससाठी फोन लावला त्यानं, मी ऐकत होते, पलीकडून बाई विचारत होत्या, "हॅलो, कोण बोलतंय? कुठून बोलताय?" आणि हा नुसता हवा सोडत होता. बाईंनी फोन ठेवला. त्यानं पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी बोलायला हवं होतं, पण मला कण्हण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मग तो ओढ्याच्या कडेला पळाला. लांब्याला हाक मारायची होती ना! पिशवीतल्या चकत्या काढल्या आणि एकामागून एक खाली फेकायला लागला. खालून लांब्याचा आवाज आला, "अरे, चेकाळलास का? डोकं फुटेल माझं!" हसत होता तो. त्याला वाटलं, जिंकल्याचा आनंद चाललाय. भोंगा फेकत राहिला. लांब्या शिव्या देत राहिला. बऱ्याच वेळानं तो भांडायला म्हणून वर आला, तेव्हा त्याला मी दिसले.

डोळ्याखालचं हाड तडकलं होतं, ते जुळलं. डोळ्याच्या आतलं जुळलं नाही. आता डाव्या बाजूला सगळं गढूळ पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. लोक मला विचारतात, भावाचा राग नाही येत? आपलेच दात आणि आपलेच ओठ, राग कोणावर करू? मला राग येतो तो त्यानं खेळणं सोडल्याचा. त्या दिवसानंतर त्यानं चकतीला हात लावला नाही. ओढ्यात टाकलेल्या चकत्या लांब्यानं गोळा करून, धुऊन, पुसून आणून दिल्या. यानं पिशवी घेतली आणि तशीच रद्दीवाल्याच्या गाडीवर ठेवायला निघाला. भावजयीनं हिसकावून घेतली म्हणून वाचली.

आणि आता रविवारी सकाळी, खेळायच्या वेळेला, तो माझ्या दुकानात येतो. एका डोळ्यानं रफू कसंबसं करता येतं. सवयीचा हात आहे. पण सुईत दोरा जात नाही. नाकं कुठे आणि दोरा कुठे, अंदाजच येत नाही. म्हणून तो बसतो आणि आठवड्याभराच्या सुया ओवून ठेवतो. काळा, निळा, राखाडी, तपकिरी, प्रत्येक रंगाच्या. गादीच्या तुकड्यावर ओळीनं टोचून ठेवतो. शेजारचे म्हणतात, भाऊ असावा तर असा. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, हा भाऊ नाही, ही शिक्षा चालली आहे! त्याची का माझी, तेच मला कळत नाही.

परवाच्या रविवारी लांब्या आणि नर्सबाई दोघं दारात आले. नर्सबाई म्हणाल्या, "आता मी असते तुमच्याबरोबर, मी ओरडेन. चला ना." भोंग्यानं वरही बघितलं नाही, दोरा ओठात धरून ओला करत राहिला. ते दोघं ताटकळून गेले. मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "मला नकोत तुझ्या सुया! डोळा माझा गेलाय ना? मग मी रडत बसले का? तू कशाला बसलायस सुतकात? जा रानात. मला लुळीपांगळी करून ठेवू नकोस. ऊठ!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली, इतकी ओरडले. घसा अजून शाबूत आहे माझा.

 त्यानं मान वर करून बोटानं जवळ बोलावलं. त्याच्याशी भांडायचं झालं तरी त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मी वाकले.

"ताई," तो म्हणाला, "चकती हातात घेतली, की तू वळताना दिसतेस. दर वेळी मी ओरडतो. दर वेळी तू वळतेस."

एवढं बोलायलाही त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

मला खूप बोलायचं होतं. मी बोलणारी बाई आहे, शब्दाला शब्द देणारी. पण मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले, डबीतून सुई काढली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं, कुठला रंग. मी म्हटलं, काळा.